दिल्लीला कशानं जाणार?

हजरत निजामुद्दीन मागे पडलं की गाडीचा वेग उतरतो. डब्यात एव्हाना सगळे उभे असतात. सीटखालच्या बॅगा बाहेर आलेल्या, चपला सापडलेल्या, लहान मुलांना स्वेटर चढवलेले. दाराशी दाटी झालेली असते आणि गाडी मात्र सिग्नलमागून सिग्नल घेत रेंगाळते. अशा वेळी मी खिडकी सोडत नाही. बाहेर दिल्लीच्या लोकल गाड्यांचे छोटे फलाट सरकत असतात. एका पाटीवर ‘तिलक ब्रिज’ असतं. थोडं पुढे गेल्यावर दुसऱ्या पाटीवर ‘शिवाजी ब्रिज’. आणि मग नवी दिल्ली.

इंग्रजांच्या काळात हे हार्डिंग ब्रिज आणि मिंटो ब्रिज होते, दोन व्हाइसरॉयांच्या नावांचे. नावं बदलून किती वर्षं झाली, तरी दिल्लीकरांच्या तोंडी अजून मिंटोच आहे. पावसाळ्यात त्या पुलाखाली पाणी तुंबून बस अडकली की बातमीतही तेच नाव येतं. पण सबंध मध्य भारत ओलांडून आलेल्या मराठी माणसाला उतरण्याआधीच्या दहा मिनिटांत ही दोन नावं एकापाठोपाठ वाचायला मिळतात, आणि मला दर वेळी ती वाचावीशी वाटतात. त्यांच्यामुळे राजधानी आपली होत नाही, हे कळतं. तरी दाराशी कुणी ओळखीचं उभं आहे एवढा दिलासा मिळतो, आणि परक्या गावात शिरताना तेवढा पुरतो.

आमच्या नगरात कुणी दिल्लीला निघालं की ‘कशाला?’ हा प्रश्न मागाहून यायचा. आधी विचारलं जायचं, ‘कशानं जाणार?’ उत्तर बहुतेक वेळा एकच असे: झेलमनं. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस. दौंडला तिचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत. पुण्यापासून बसलेल्या माणसाला वाटे, आपण आता परत निघालो. तिथून ती उत्तरेला वळायची आणि रात्री नगरला यायची. त्याच मार्गावरून बंगळूरहून येणारी कर्नाटक एक्सप्रेस जाते, पुढे गोवा एक्सप्रेसही जाऊ लागली. म्हणजे राजधानीपासून इतक्या लांबच्या आमच्या गावाला दिल्लीच्या गाड्यांची कधी वाण नव्हती. जागा मिळणं तेवढं कठीण होतं.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती मिळवण्याची सवय झाली होती. ते एका सहकारी साखर कारखान्याच्या कचेरीत होते. आज नव्या पिढीला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण कारखान्यात तयार झालेली साखर कारखान्याला वाटेल तेव्हा विकता येत नसे. लेव्हीची किती द्यायची, खुल्या बाजारात कोणत्या महिन्यात किती सोडायची, हे दिल्लीत ठरे. २०१३ साली लेव्हीची पद्धत संपली. तोवर आमच्या भागातल्या उसाचा आणि दिल्लीतल्या एखाद्या टेबलाचा असा थेट संबंध होता. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईचा हिशेबही अखेर त्या टेबलावरून फिरून येई. संचालक मंडळी मुंबईहून विमानानं जात. कागद घेऊन दादा झेलमनं.

त्यांच्या निघण्याची तयारी आदल्या दिवसापासून चाले. आई दशम्या करी, कारण दुधात भिजवलेल्या पिठाची भाकरी दोन दिवस मऊ राहते. शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं, फिरकीचा तांब्या. होल्डॉलचे पट्टे आवळायला आम्ही मुलं त्यावर बसायचो. फाइल मात्र होल्डॉलमध्ये जात नसे. ती दादांच्या छातीशी, खादीच्या पिशवीत, आणि रात्री उशाखाली. फलाटावर बरोबरीनं उभे असत ते जवान. नगरला रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे आमच्या स्टेशनावर लष्करी गणवेश आणि काळ्या ट्रंका नेहमीच्या. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, पलटणीचा क्रमांक. साताऱ्या-कोल्हापूरकडची पोरं पुण्याला चढून आधीच आत बसलेली असत. त्यांच्यासाठी दिल्ली हे फक्त वाटेतलं एक स्टेशन होतं; त्यांना जायचं असे आणखी एक रात्र पुढे, जम्मूला. दादा सांगत, जवानांच्या डब्यात झोप निर्धास्त लागते आणि चहाचे पैसे कुणी देऊ देत नाही.

गाडी मनमाडला पोचेपर्यंत रात्र चढलेली असते. भुसावळ, तापी, बुऱ्हाणपूर हे सगळं झोपेत निघून जातं, आणि याची मला नेहमी हळहळ वाटते. कारण खरी वेस तिथेच आहे. एका बाजूला तापीचं खोरं, दुसऱ्या बाजूला सातपुडा, आणि त्यांच्यामधून उत्तरेला जाणारी अशीरगडची खिंड. जुने लोक अशीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणत. ज्याच्या हाती तो किल्ला, त्याच्या हाती येण्याजाण्याची किल्ली. रेल्वेच्या इंजिनिअरांना तरी दुसरी वाट कुठून मिळणार होती? डोंगरानं जिथे जागा दिली तिथूनच फौजा गेल्या, तिथूनच रूळ गेले. नेपानगरला, जिथे देशातला वर्तमानपत्रांच्या कागदाचा पहिला कारखाना उभा राहिला, गाडी अंधारातच असते. खंडवा अर्धवट झोपेत ऐकू येतं, ‘चाय, चाय’ या हाकेचा सूर बदललेला असतो म्हणून.

सकाळ होते ती इटारसीच्या पुढे. आणि मग नर्मदा.

डब्यात आधीच कुजबूज सुरू होते. कुणी तरी सांगतं, आता येईल. वरच्या बर्थवरची माणसं खाली उतरतात. पुलाच्या लोखंडाचा आवाज सुरू झाला की बायका पदर डोक्यावर घेतात, पुरुष खिसे चाचपतात, आणि खिडकीतून नाणी भिरकावली जातात. काही पुलाच्या तुळयांवर आपटून ठण्ण वाजतात, काही जातात खाली. पात्र इतकं रुंद की आवाज बराच वेळ टिकतो. दादा धार्मिक नव्हते. घरातल्या पूजेला ते कंटाळत. पण नर्मदेवर तेही हात जोडत. मी एकदा विचारलं होतं, का? ते म्हणाले, “इथून पुढे आपलं कुणी नाही ना, म्हणून.” हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला त्यातली भीती फार वर्षांनी समजली. फाइलीत एखादा कागद कमी निघाला, एखाद्या साहेबानं उद्या या म्हटलं, तर त्या शहरात दादांना विचारणारं कुणी नव्हतं. नदीला हात जोडून तो माणूस राजधानीच्या मुलखात पाऊल टाकत होता.

बुधनीचा घाट, भोपाळ, आणि भोपाळ-विदिशाच्या मध्ये कुठे तरी गाडी कर्कवृत्त ओलांडते. डब्यात कुणाला त्याचं काही नसतं. सांचीचा स्तूप मात्र टेकडीवर दिसतो, आणि जो दाखवतो तो आपणच बांधल्यासारख्या कौतुकानं दाखवतो. मग बीना, झाशी, ग्वाल्हेर. यांतली शेवटची दोन नावं आली की मराठी डब्यात बोलणं वाढतं. नेवाळकर, शिंदे, कुणाचे कोण नातेवाईक ग्वाल्हेरला आहेत, तिथली मराठी कशी वेगळी लागते. ग्वाल्हेरचा किल्ला गाडीतून दिसतो. तो इतका लांबट आहे की पुढची चार वाक्यं होईपर्यंत खिडकीत राहतो. मुरैना गेलं की उन्हं उतरलेली असतात आणि चंबळ येते. दोन्ही बाजूंना मातीच्या घळी, एकीतून दुसरी फुटलेली, झाडाविना. नर्मदेवर जे बोलत होते ते चंबळेवर गप्प होतात.

याच बाजूनं किती जण गेले. ५ मार्च १६६६ला शिवाजी महाराज राजगडावरून निघाले, बरोबर नऊ वर्षांचे संभाजीराजे. आग्र्याच्या वेशीवर पोचायला ११ मे उजाडला. दरबार त्या वेळी आग्र्यात होता, म्हणून राजधानी म्हणजे आग्रा. दोन महिन्यांहून जास्त काळ, वैशाखाचं ऊन अंगावर घेत. मी त्या दोन महिन्यांचा विचार फार करते. त्या भेटीवर आणि सुटकेवर लिहिणाऱ्यांनी भरपूर लिहिलं आहे. पण मुक्कामामागून मुक्काम पडत असताना, बोली बदलत असताना, पाण्याची चव बदलत असताना त्या मनात काय चाललं असेल? दरबारात ताठ उभं राहायचं बळ एका दिवसात येत नाही. मला वाटतं, ते वाटेवर जमत गेलं असेल. १७३७ साली पहिले बाजीराव याच टापूतून इतक्या वेगानं निघाले की मोगली सरदारांना पत्ता लागण्याआधी मराठी घोडी दिल्लीजवळच्या कालकाजीला होती. आणि १७६०मध्ये भाऊसाहेब निघाले ते बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे घेऊन. पावसाळ्यात नद्यांनी त्यांना खोळंबून ठेवलं. राजधानीला एक माणूस दोन महिन्यांनी पोचला, एक वाऱ्यासारखा, आणि एक फार उशिरा.

उशिरा पोचण्याचा विषय निघाला की निजामुद्दीनचीच गोष्ट आठवते. सुलतान गियासुद्दीन तुघलक बंगालच्या स्वारीवरून राजधानीकडे परतत होता. हजरत निजामुद्दीन औलियांशी त्याचं वाकडं होतं. शिष्य घाबरले. सुलतान जवळ येत चालला होता. औलिया एवढंच म्हणाले, अजून दिल्ली दूर आहे. १३२५ साली दिल्लीच्या अलीकडेच, त्याच्या स्वागतासाठी उभारलेला लाकडी मांडव कोसळून सुलतान गेला. गोष्ट ऐकीव आहे, पण मांडव कोसळल्याची नोंद आहे. आज त्याच अवलियाच्या नावाच्या स्टेशनावर गोवा एक्सप्रेस थांबते, आणि मडगाव-बेळगावकडची माणसं दिल्लीत पहिलं पाऊल टाकतात ते तिथे.

मुंबईहून जाणाऱ्यांची तऱ्हा निराळी. १२ डिसेंबर १९११ला दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली, आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये पंजाब मेल सुरू झाली, बॅलार्ड पियरपासून थेट पेशावरपर्यंत. विलायतेहून आलेली बोट धक्क्याला लागायची, साहेब आणि टपालाची पोती उतरायची, आणि पलीकडेच गाडी तयार असायची. राज्य करणाऱ्यांना दिल्लीला जायचं तर मुंबईच्या समुद्रातूनच यावं लागे. १९२८मध्ये फ्राँटियर मेल आली, ती बडोदा-रतलाम-कोट्यावरून. १९४७ साली दोन्ही गाड्यांचं पेशावर तुटलं. एक आता फिरोजपूरला थांबते. दुसरी अमृतसरला, आणि तिचं नावही सुवर्णमंदिरावरून ठेवलेलं आहे. १९७२च्या मे महिन्यात मुंबईची राजधानी एक्सप्रेस निघाली आणि दिल्ली एका रात्रीवर आली. संध्याकाळी मुंबई सेंट्रलला बसायचं, सकाळी नवी दिल्ली. नाशिकवरून जाणारी राजधानी यायला मात्र २०१९ उजाडलं. एवढी वर्षं आमच्या भागातल्या माणसाला ती वेगाची गाडी पकडायला आधी उलट्या दिशेनं मुंबईला जावं लागत होतं.

विदर्भाचं पुन्हा वेगळं. नागपूरकराला दिल्ली तशी जवळची, चेन्नईहून येणाऱ्या सगळ्या गाड्या त्याच्या दारातून जातात. पण मला नागपूरची आठवण येते ती एका जुन्या विमानसेवेमुळे. १९४९च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानं सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून विमानं अंधारात निघत, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेला घरी परतत. उतारूही असत त्यांत. दिल्लीला जायचं म्हणून मुंबईहून निघालेला माणूस रात्री बारा वाजता नागपूरला उतरून चहा पितो आहे, समोर मद्रासहून आलेला कुणी पेंगतो आहे. अवघ्या दीड वर्षापूर्वी स्वतंत्र झालेल्या देशाच्या चार कडा रात्री नागपुरात भेटायच्या. ती सेवा बंद झाली ते योग्यच असेल, वेगवान विमानं आली. तरी वाटतं, देशाच्या मधोमध असं भेटणं होतं, ते गेलं.

विमानाला मी नावं ठेवणार नाही. माझ्या मावशीचा मुलगा लष्करात, दिल्लीच्या दवाखान्यात अत्यवस्थ होता. निरोप आला दुपारी. मावशी त्याआधी कधी विमानात बसली नव्हती. मुलींनी तिकीट काढलं, पुण्याहून तिला बसवलं, आणि रात्री ती लेकाच्या खाटेशी होती. झेलमनं गेली असती तर दुसरी रात्र उजाडली असती. मुलगा वाचला. पुढे कधी तरी ती म्हणाली, “विमानात रडायलासुद्धा वेळ मिळाला नाही गं. खाली बघितलं तर नुसता कापूस. नर्मदा कुठे गेली ते कळलं नाही, नमस्कार राहिला.” मुलाला घेऊन परतताना ती हट्टानं रेल्वेनं आली. पुलावर तिनं मूठभर नाणी टाकली, जातानाची धरून.

आता तर आमच्याच जिल्ह्यात, शिर्डीजवळ काकडीला, २०१७पासून विमानतळ आहे आणि तिथून दिल्लीला विमान जातं. शेतातून उठून माणूस दोनेक तासांत दिल्लीत. तिथे विमानतळाच्या मेट्रोत बसला तर वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशन, आणि त्याआधीचं स्टेशन, बघा, शिवाजी स्टेडियम. वाट कोणतीही घेतली तरी शेवटचा थांबा तसाच. फक्त डिसेंबर-जानेवारीत धुकं पडलं की विमान आणि गाडी दोघांचीही सारखीच अडचण होते. आकाशात घिरट्या घालणारा आणि मथुरेच्या अलीकडे गाडी थांबून बसलेला, दोघंही तेवढ्यापुरते एका पायरीवर येतात.

आणि रस्ता? मुंबईत ज्याला आज लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, त्याला जुनी माणसं आग्रा रोड म्हणत. नाशिकला अजून म्हणतात. धुळे, सेंधवा, इंदूर, शिवपुरी, ग्वाल्हेर असा तो जातो. ऊस आमचा, द्राक्षं आणि कांदा नाशिकचा. त्यांनी हा रस्ता माणसांपेक्षा जास्त वापरला. दिल्लीत कांदा महागला की सरकारं हलतात, पण कांदा पिकवणाऱ्याला दिल्ली कधी तरीच दिसते. २०२०च्या डिसेंबरात नाशिकहून शेतकऱ्यांचा जथा कृषी कायद्यांविरुद्ध याच रस्त्यानं निघाला होता, टेम्पो आणि जीपगाड्या भरून, कडाक्याच्या थंडीत. ते पोचले राजस्थान-हरियाणाच्या सीमेवर, शाहजहाँपूरला. पुढचा रस्ता बंद होता. तिथेच त्यांनी मुक्काम टाकला. त्यांची मागणी कुणाला पटेल, कुणाला नाही. मला मात्र टीव्हीवर ते दृश्य बघताना सारखं वाटत होतं की ज्या गावात आपलं सरकार बसतं त्या गावाच्या वेशीवर आपल्या माणसाला चूल मांडायला लागू नये. आता मुंबई-दिल्ली असा तेराशे-साडेतेराशे किलोमीटरचा द्रुतगती महामार्ग होतो आहे. तुकड्यातुकड्यानं तो खुला होतो आहे. गाडी असलेला माणूस त्यावरून निम्म्या वेळात जाईल, आणि जावा.

पण झेलमला पुढे-मागे लागणारे ते बिनआरक्षणाचे डबे माझ्या मनातून जात नाहीत. त्यांत जागा म्हणजे पायापुरती फरशी. दोन बाकांच्या मध्ये चादर बांधून झोळी केलेली, तिच्यात पोर. भरतीला निघालेली मुलं, मजुरीला निघालेले बाप्ये, कुणी दिल्लीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात तारीख मिळालेलं आणि मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट सांभाळणारं. फलाटावर तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन, ओळखपत्र न दाखवता, तारीख न ठरवता, आत्ता निघायचं म्हणून देशाच्या राजधानीचं तिकीट मागता येतं ते या डब्यांमुळे. वातानुकूलित डबे वाढोत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हे डबे मात्र कमी होऊ नयेत. नव्या चकचकीत गाड्यांच्या बातम्या मी हौसेनं वाचते आणि प्रत्येक बातमीत तेवढं एकच शोधते.

उतरण्याच्या जागेनंही दिल्ली बदलते. जुन्या दिल्ली स्टेशनातून बाहेर आलात की समोर चांदणी चौकाचा कल्लोळ. निजामुद्दीनला उतरलात तर हुमायूनच्या कबरीचा घुमट फार लांब नाही. नवी दिल्लीला दोन तोंडं: अजमेरी गेटकडे मेट्रो, आणि दुसरीकडे पहाडगंज. दादा पहाडगंजच्या बाजूनं बाहेर पडत. तिथे मराठी माणसांनी चालवलेली नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे, कढीला साखर न लावणारं आणि आमटीला लावणारं जेवण आहे. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत साहित्य संमेलन भरलं, उद्घाटनाला पंडित नेहरू. त्यानंतर थेट २०२५च्या फेब्रुवारीत, ताराबाई भवाळकर अध्यक्ष, तालकटोरा स्टेडियममध्ये. बाजीरावांच्या स्वारांची मोगलांशी गाठ पडली ती याच तालकटोऱ्यापाशी. या संमेलनासाठी पुण्याहून साहित्यिकांची आणि वाचकांची खास गाडी निघाली. रात्रभर डब्यांतून कविता झाल्या म्हणे. मला जाता आलं नाही. पण ती गाडी नर्मदेवरून जाताना कवींनीही खिसे चाचपले असतील याची मला खात्री आहे.

परवा आमच्या शेजारच्या ताईंची मुलगी आली. यूपीएससीची लेखी परीक्षा ती उत्तीर्ण झाली आहे, आता मुलाखत. मुलाखत होते ती शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाऊसमध्ये. मी तिला म्हटलं, धोलपूर नावाचं स्टेशन वाटेत येईल, चंबळ ओलांडली की लगेच. ती हसली. घरात तीन मतं होती. तिचे बाबा म्हणत होते, विमानानं जा, ताजी राहशील. आयोग भाडं देतो ते रेल्वेच्या स्लीपरचं; वरचे पैसे आपण घालू, त्यात काय. मुलगी म्हणत होती, गाडी बरी, दिवसभर खिडकीत बसून डोकं शांत होईल, वाचलेलं सगळं जागेवर बसेल. तिची आई मघापासून काही बोलत नव्हती. तिनं चहाचे कप गोळा केले, पुन्हा खाली ठेवले आणि मला विचारलं, “ताई, त्या ऑफिसच्या दारापर्यंत तरी मला येऊ देतील का?”

म्हटलं, आत नाही, पण बाहेर फुटपाथ आहे, झाडं आहेत. मुलाखतीच्या दिवसांत आईबाप तिथे उभे असतात, थर्मास घेऊन.

“मग झेलमची दोन बघ गं,” ती मुलीला म्हणाली. मुलगी फोनवर जागा शोधायला लागली, आणि बाबा विचारू लागले की मार्चमध्ये तिकडे शाल लागते की स्वेटरच घ्यावा.